‘मूळ अवस्था’ नावाचा भ्रम : कष्टकरी पिकअपला वारसा का म्हणायचे नाही?

१/ जुन्या जीपचे किंवा पिकअपचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ओरिजिनल आहे का?’ उत्तर ‘नाही’ असे आले की गाडीची प्रतिष्ठा उतरते आणि तिच्यावर पन्नास वर्षे ज्यांनी हात काळे केले त्यांचीही. हा प्रश्न इतिहासप्रेमाचा वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहास पुसणारा आहे. का, ते या थ्रेडमध्ये. 🧵

२/ एक कल्पित उदाहरण घेऊ. देवनारच्या एखाद्या गॅरेजात १९६८ सालची महिंद्र एफसी-१५० पिकअप उभी आहे. पुढे बॉनेट नाही, चालक जवळजवळ इंजिनावरच बसतो, मागे सपाट हौदा. पेट्रोल इंजिन सत्तरच्या दशकाअखेरीस उतरवून डिझेल बसवलेले. मागच्या पाट्यांत दोन पाटे जास्तीचे. हौद्याला लोखंडी कठडा. आजच्या मालकाला ती दुरुस्त करून, थोडी उंच करून, सह्याद्रीतल्या कच्च्या चढणींवर न्यायची आहे. तिची ‘मूळ अवस्था’ कोणती?

३/ आधी मुळाकडेच जाऊ. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. नमुना सादर करण्याची मुदत ४९ दिवस. ती पाळली अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या हवाली केली. पण मोठी कंत्राटे गेली विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे. बांधणीची कल्पना बँटमची आणि इंजिन विलिसचे, असा तो संसार होता.

४/ जीपचा चेहरा म्हणून जगभर ओळखली जाणारी उभ्या खाचांची जाळी तरी विलिसची असावी? तीही नाही. विलिसच्या सुरुवातीच्या गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ खाचांची स्वस्त जाळी फोर्डची, ती नंतर विलिसनेही उचलली. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात खाचा आल्या. ‘मूळ’ जीप शोधणाऱ्याने नेमके कोणत्या महिन्यापाशी थांबायचे?

५/ भारतातल्या शुद्धतावाद्यांची लाडकी गाडी म्हणजे उंच बॉनेटची सीजे-३बी. ते बॉनेट उंच का आहे, हे मात्र त्यांच्यातले थोडेच सांगतात. विलिसने जुन्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाच्या जागी ‘हरिकेन’ बसवले. या नव्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व वर, डोक्यात होते, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. कंपनीने नवी गाडी आखली नाही, बॉनेट वर उचलले. गॅरेजवाल्याने हेच केले असते तर त्याला ‘जुगाड’ म्हटले गेले असते.

६/ एफसी-१५० ची कथा याहून बोलकी आहे. ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने सीजे-५ च्या ८१ इंची व्हीलबेसवर केबिन पुढे सरकवून ती उभी केली : व्हीलबेस तेवढाच, हौदा मोठा. पण उंच केबिन आणि अरुंद चाके हे जमेना. १९५८ मध्ये दोन चाकांमधले अंतर ४८ इंचांवरून ५७ इंचांवर न्यावे लागले. बाजारात आल्यानंतर दोनेक वर्षांतच निर्मात्यानेच गाडी ‘मॉडिफाय’ केली. तरीही रुंद चाकांच्या एफसीला ‘ओरिजिनल’ म्हणायला कोणाची हरकत नसते.

७/ भारतात हे वाहन आले तेही सुट्या भागांतून. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ म्हणून पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेली कंपनी फाळणीनंतर १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. चाळिशीच्या दशकाअखेरीस माझगावात विलिस जीपची जुळणी सुरू झाली. १९६५ मध्ये एफसी-१५० आली. उजवीकडचे स्टिअरिंग आणि हळूहळू वाढत गेलेले देशी भाग यांमुळे प्रत्येक तुकडी आधीच्या तुकडीपेक्षा थोडी वेगळी होत गेली.

८/ (जाता जाता : स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच, आणि तोही दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा. १९४८ मध्ये लंडनमधून झालेल्या त्या व्यवहारातल्या १५५ गाड्या आल्या आणि सैन्याला निरुपयोगी ठरल्या. गाड्या जुन्या होत्या ही खरी अडचण नव्हती. कशात काय बदलले आहे हे नीट न तपासताच पैसे मोजले गेले. हा मुद्दा पुढे लागणार आहे.)

९/ देवनारपासून हाकेच्या अंतरावर, कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, १९४४ ची कंपनी. तिथून डॉज आणि फार्गो नावाचे ट्रक बाहेर पडत. सांगाडा अमेरिकी घराण्याचा आणि पुढे त्यात इंजिन इंग्लंडच्या पर्किन्स घराण्याचे, ‘पी-६’ डिझेल. दोन खंडांचा संकर कारखान्याच्या दारातूनच नवाकोरा निघत असे.

१०/ मग आले १९७३ चे तेलसंकट. कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. हरिकेनसारखे तहानलेले पेट्रोल इंजिन पोसणे भाडे मारणाऱ्या माणसाला परवडेना. कंपनीनेही तोच रस्ता धरला : आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल, नंतर एमएम-५४० मध्ये प्युजोच्या आराखड्याचे २११२ सीसीचे डिझेल. ज्याच्याकडे नवी गाडी घेण्याइतके पैसे नव्हते त्याने जुन्या गाडीतच डिझेल घालून घेतले. त्यासाठी इंजिनाचे माउंटिंग नव्याने वेल्ड करावे लागे, क्लच-हाउसिंग आणि गिअरबॉक्स जुळावे म्हणून मधली पट्टी खरादावर कातून घ्यावी लागे, रेडिएटर पुढे सरकवावा लागे. ज्याने ते केले त्या मिस्त्रीने आराखडा कागदावर काढला नाही. त्याचा आराखडा म्हणजे ती गाडीच.

११/ म्हणूनच ‘मूळ अवस्थेत आणण्यासाठी’ आज कोणी ते डिझेल उपटून परदेशातून मागवलेले हरिकेन बसवतो, तेव्हा तो जीर्णोद्धार करत नसतो. सत्तरच्या दशकातल्या महागाईचा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजाराचा आणि एका अनाम कारागिराच्या बुद्धीचा एकमेव पुरावा तो भंगारात घालत असतो. त्या जागी उरते ती अमेरिकेतल्या कॅटलॉगची नक्कल. असली गाडी अमेरिकेत हजारोंनी आहे. डिझेल घातलेली देवनारची गाडी एकच होती.

१२/ येथे वर्गाचा प्रश्न येतो. कोणती वाहने ‘मूळ अवस्थेत’ टिकतात? जी वापरली गेली नाहीत ती. संस्थानिकाच्या गाडीखान्यात झूल पांघरून उभी असलेली रोल्स-रॉइस पन्नास वर्षांनी जशीच्या तशी निघते, कारण तिने काम केलेले नसते. देवनारला असा आराम कुठला? १९२७ पासूनची कचराभूमी, १९७१ पासूनचा पशुवधगृह आणि त्याचा बकरी बाजार, खाडीलगतची चिखलाची जमीन. इथल्या वाहनाने ओझे वाहिले, ते मोडले, सांधले गेले आणि पुन्हा ओझ्याखाली गेले. कच्चा रस्ता शोधायला त्याला कधी लोणावळ्याला जावे लागले नाही.

१३/ आणि नियम काय म्हणतो? जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मालवाहू म्हणून जन्मलेली पिकअप पहिल्याच अटीपाशी अडखळते. डिझेल झालेली पिकअप दुसऱ्या अटीशी संपते. नियमाच्या लेखी वारसा म्हणजे न राबलेले यंत्र.

१४/ कायदा नेहमीच असा नव्हता. १९३९ चा मोटार वाहन कायदा मालकाला म्हणत असे : बदल केलास तर ठरावीक मुदतीत नोंदणी अधिकाऱ्याला कळव. १९८८ च्या कायद्यात कलम ५२ आले आणि आधी परवानगी घेणे आवश्यक झाले. २००० च्या दुरुस्तीने निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदलालाच मनाई केली, सीएनजीसारखे मोजके अपवाद ठेवून. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. ऐंशी वर्षांत कायदा ‘नोंद कर’पासून ‘हात लावू नकोस’पर्यंत आला.

१५/ विरोधकांची बाजू पोकळ नाही, हे मान्य केले पाहिजे. गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो. पाट्यांची उंची वाढवून स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन तसाच सोडला तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळू पाहते. प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरपा झाला की त्याचे क्रॉस झिजतात. मोठ्या टायरांचे गणित तर हौशी मंडळी करतच नाहीत : सीजे-३बी च्या एक्सलचे गुणोत्तर ५.३८, मूळ टायर सुमारे साडेअठ्ठावीस इंचांचे. ३३ इंची टायर घातले की प्रत्यक्षात ते गुणोत्तर सुमारे ४.६ एवढेच उरते. चढणीसाठी टायर वाढवले आणि चढण्याचा जोरच घालवला. शिवाय जुने ड्रम ब्रेक तेच. असे वाहन भर रस्त्यावर दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर जाऊ शकते. तपासणी हवीच.

१६/ पण तपासणी वेगळी आणि सरसकट मनाई वेगळी. १९७८ मध्ये पोटासाठी बसवलेले आणि आरसी बुकात चढवलेले इंजिन, आणि परवा छायाचित्रासाठी चढवलेले राक्षसी टायर, या दोहोंना एकाच तराजूत तोलणारा नियम सुरक्षाही नीट सांभाळत नाही आणि इतिहासही. मनाई आली म्हणून बदल थांबले का? ते अंधारात गेले. नोंद होत होती, ती बंद झाली. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

१७/ वास्तूंच्या बाबतीत हीच मंडळी किती शहाणपणाने वागतात! पन्हाळा शिलाहारांनी बांधला. तेथील तीन दरवाजा आदिलशाहीतला. पुढे मराठ्यांनी गड नांदवला आणि राबवला. शिलाहारकालीन ‘मूळ अवस्थे’साठी तीन दरवाजा पाडा, असे म्हणणाऱ्याला गडप्रेमी गडाच्या पायथ्यालाही फिरकू देणार नाहीत. थर हाच गडाचा इतिहास, हे तिथे सर्वांना कळते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकांबाबत हेच मान्य केले : प्रत्येक काळाची भर ही पुरावा असते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तिच्याच धर्तीवर ट्युरिन सनद केली, आणि वाहनाच्या कामकाजी आयुष्यात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाची साक्ष मानले. आपल्या २०२१ च्या नियमात त्या विचाराची सावलीही नाही.

१८/ आता दुसऱ्या टोकाचे लोक. जुनी पिकअप घ्यायची, हौदा गॅस-कटरने कापायचा, चॅसी छाटायची, जुना पत्रा किलोवर विकायचा, वर मॅट काळा रंग आणि दिव्यांची माळ, आणि खाली मथळा : ‘रिस्टोअर्ड’. हा शब्द येथे निव्वळ खोटा आहे. १९७८ च्या मिस्त्रीचा बदल आणि हा बदल यांत फरक वयाचा नाही. त्याने गाडी कामावर ठेवण्यासाठी बदलली, याने तिचे काम काय होते तेच पुसले. ज्या बदलाला परत फिरता येत नाही आणि ज्याची नोंद नाही, तो शुद्धतावाद्याच्या ‘मूळ अवस्थे’इतकाच विध्वंसक.

१९/ ऑफ-रोड फिरण्यालाच विरोध नाही. चारही चाकांना जोर देणारे वाहन डांबरी रस्त्यावर सजवून ठेवणे हाही एक अन्यायच. मात्र सड्यांवर, पठारांवर गाडी घालणाऱ्यांनी एवढे जाणून असावे : कासच्या पठारावरची मातीची चादर काही इंचांची असते आणि टायरचा एक चरा तिथे अनेक पावसाळे दिसतो. नांगरलेले शेत मालकाच्या परवानगीने, खाणीची सोडलेली जागा, खासगी ट्रॅक, यांवर समाधान मानता येते.

२०/ तर ती कल्पित एफसी-१५०. डिझेल राहू द्यावे. जास्तीचे पाटे आधी मोजावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत, मगच नवे घालावेत आणि जुने तेल लावून बांधून ठेवावेत. विंच हवाच असेल तर चॅसीला भोक न पाडता, बोल्टने आवळलेल्या पट्टीवर. कठडा कापू नये. ब्रेक सुधारावेत, त्यात जुनेपणाचा हट्ट नको. रंग खरवडताना खालच्या थरांची नोंद ठेवावी, कारण एखाद्या थराखाली जुन्या मालकाचे नाव किंवा भाजीबाजाराचा क्रमांक निघू शकतो.

२१/ आणि आरसी बुक. त्यात इंजिन क्रमांक बदलल्याची शाईने केलेली नोंद असेल, शिक्का अर्धवट उमटलेला असेल. पुढच्या वेळी एखाद्या प्रदर्शनात अशी पिकअप दिसली तर ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून विचारावे : डिझेल कोणत्या साली घातले, कोणत्या गॅरेजात, आणि ती मधली पट्टी कोणी कातली?