पाडव्याच्या आधी एक बैठक

२०२५ मध्ये २२ ऑक्टोबरला दिवाळीचा पाडवा होता. या तिथीला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. शिव-पार्वतीने सारीपाट मांडला होता, म्हणून त्या दिवशी डाव खेळण्याची रीत पडली. त्या वर्षी योग असा, की पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही होऊन त्याच दिवशी बरोबर दोन महिने झाले. आणि दरवर्षी याच सुमारास भोसरी-पिंपरीपासून चाकण-महाळुंगेपर्यंत कामगारांच्या खात्यात बोनस पडतो. कायद्याने किमान ८.३३ टक्के, युनियनने करार चांगला केला असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. एवढी रक्कम वर्षातून एकदाच हाती येते. ज्याला सट्ट्याची ओढ लागली आहे, त्याच्यासाठी हे दिवस वर्षातले सर्वांत कठीण असतात.

नव्या कायद्याने खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठरवला आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण तो पीडित आहे, असे सरकार म्हणते. देशातले ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, हा अंदाजही सरकारचाच. भूमिका योग्य आहे. पण पीडित म्हटल्यावर त्याला उठवून उभे करण्याची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर बंदीत सापडत नाही. मोठ्या कंपन्यांनी आपले पैशाचे खेळ थांबवले. बुकीकडून ‘आयडी’ घेऊन मॅचवर पैसे लावणारा थांबला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी महादेव अ‍ॅपच्या सट्ट्याशी जोडलेल्या अड्ड्यावर छापा घातला, तो नारायणगावात, चाकणवरून जाणाऱ्या नाशिक रस्त्यावरच.

साठच्या दशकात मुंबईच्या गिरणगावाने कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका पाहिला. तेव्हा आकडा लावायला टपरीवर जावे लागे. चाळीतले चार लोक बघत, कुणीतरी घरी सांगे. चाकणला कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचे तसे नाही. बीड, लातूर, नांदेडकडून आलेला, कंत्राटदाराकडे कामाला. तिसरी पाळी करून येतो आणि पांघरुणात मोबाइल उघडतो. शेजारच्या कॉटवरच्यालाही पत्ता लागत नाही. कळते ते फार उशिरा: भिशीचा हप्ता चुकतो, सुपरवायझरकडे उचल मागितली जाते, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचे वसुलीवाले गावी बापाला फोन करतात. २०२३ च्या विश्वचषकात आपल्याच पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयातला एक उपनिरीक्षक ऑनलाइन खेळात दीड कोटी जिंकला आणि निलंबित झाला. निलंबन किती जणांच्या लक्षात राहिले असेल? दीड कोटीचा आकडा मात्र प्रत्येक पाळीत पाठ होता.

या मुलांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते: ‘फक्त हरलेले काढायचे आणि बंद करायचे.’ हे वाक्य म्हणजेच आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या विकाराला स्वतंत्र नोंद आहे, आणि मानसोपचारशास्त्र २०१३ पासून त्याला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या रांगेत बसवते. तरीही आपण अजून त्याला ‘अक्कल नाही’ म्हणून झापतो, शपथा घालतो, शेवटी जमीन विकून कर्ज फेडतो. कर्ज फिटले, की सहा महिन्यांत नवे उभे राहते. माणूस एकटा असताना केलेली शपथ एकटेपणातच मोडते.

म्हणून गटाचे महत्त्व. गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९५७ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. भारतातही तिच्या सभा होतात, काही ऑनलाइन. रीत साधी आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, हजेरीचा कागद कंपनीकडे वा पोलिसांकडे जात नाही. वीस प्रश्न समोर ठेवतात, त्यांतल्या सातांचे उत्तर ‘हो’ आले तर सावध व्हा म्हणतात. एक जण आपली हकिकत सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी उपदेश करत नाही. पहिल्यांदा आलेल्याला कळते, की आपण बायकोला मारलेली थाप या खोलीतल्या प्रत्येकाने मारलेली आहे. ती शरम उतरणे ही उपचाराची सुरुवात.

या रीतीतला एक भाग इथल्या कामगाराला फार उपयोगी पडेल. काही आठवडे खेळ बंद राहिला, की जुने सदस्य त्या माणसाला आणि त्याच्या जोडीदाराला घेऊन बसतात. बँक, पतपेढी, मित्र, सावकार, अ‍ॅप, सगळी देणी कागदावर उतरवतात. पगारातून घरखर्च आधी बाजूला काढतात, मग कुणाला दरमहा किती द्यायचे ते ठरवतात. कर्ज फेडायला नवे कर्ज काढायचे नाही, एकरकमी सुटका शोधायची नाही, पैशाचा व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यायचा. ज्याने हे स्वतः निभावले आहे, त्याच्या तोंडून ऐकले की पटते.

दारावर ‘जुगार’ अशी पाटी असलेली सभा जवळ सापडेपर्यंत थांबू नये. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या खुल्या सभेला कुणीही जाऊन बसू शकते. पद्धत तीच, बारा पायऱ्याही त्याच मुशीतल्या. येरवड्याचे मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथे व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो, आणि घरातल्या बाईलाही आधाराची गरज असते हे महाराष्ट्राला या संस्थेने शिकवले. केंद्राच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येते. पिंपरीत महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे, ईएसआयचा विमा असणाऱ्यांना चिंचवडला ईएसआयचे रुग्णालय आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर सभेचा दिवस येण्याची वाट न पाहता आजच फोन करावा. कर्जातून सुटायला वाटा असतात.

पण हे सारे त्या माणसाने शोधत जायचे, ही अपेक्षा अपुरी आहे. तीन पाळ्यांत राबणाऱ्याला रविवारी संध्याकाळची पुण्यातली सभा गाठता येत नाही. पहिली पाळी सुटल्यावर साडेतीन-चारला आणि दुसरीच्या आधी सकाळी, निघोजे-कुरुळी-खराबवाडीत, मराठीत आणि हिंदीत सभा भरली पाहिजे. खर्च काय? एक खोली, दहा खुर्च्या, आठवड्यातला एक तास. गणेश मंडळांकडे खोल्या आहेत, युनियनकडे कार्यालये आहेत. कंपन्यांनी जागा द्यावी, पण कोण आले ते विचारू नये. नाव एचआरपर्यंत पोचते अशी शंका जरी आली, तरी कुणी पाऊल ठेवणार नाही. कंत्राटी कामगाराला तर ती भीती दुप्पट. बोनसच्या स्लिपवर १४४१६ एवढे पाच आकडे छापायला कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी पाडव्याच्या आधी एकेक खोली मोकळी करून द्यावी. या व्यसनातून बाहेर पडलेले या पट्ट्यात जे कोणी असतील, त्यांनी तिथे येऊन पहिली खुर्ची घ्यावी.