काचपेटीतले बाळंतपण

आमच्या घरी पहिली काचपेटी आली ती धाकटीच्या आठव्या वाढदिवसाला. तळाशी निळे-गुलाबी खडे, मधोमध प्लॅस्टिकचा राजवाडा आणि एकाच दिवशी आणलेले अठरा मासे. दुकानदाराने पिशव्यांना रबर लावता लावता सांगितले होते, ''दर आठवड्याला सगळं पाणी उपसा, खडे घासून घ्या, नवं पाणी भरा. बाकी काही करायचं नाही.'' स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारी नाही. खडे तर मी गरम पाण्याने घासले! तिसऱ्या रविवारी शेवटचा मासा कुंडीत पुरला तेव्हा धाकटीने विचारले, ''आई, पाणी तर स्वच्छ होतं ना? मग मेले कसे?''

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडायला सहा महिने लागले. उत्तर असे, की मासे मेले ते माझ्या स्वच्छतेमुळे.

मासे ज्या पाण्यात राहतात त्याच पाण्यात त्यांची विष्ठा पडते, उरलेले अन्न कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले अक्षरशः भाजून काढतो. नदी-तळ्यात याची व्यवस्था निसर्गच लावतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, मात्र नायट्रेट थोड्या प्रमाणात मासे सहन करतात आणि पाणवनस्पती तर ते खाऊनच वाढतात. हे जिवाणू खड्यांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी मात्र ती दर रविवारी गरम पाण्याने धुऊन टाकत होते.

म्हणून मासे पाळायचे आणि विशेषतः त्यांची पिल्ले वाढवायची असतील, तर आधी महिनाभर रिकामी पेटी सांभाळायची तयारी हवी. मुलांना हा महिना फार जड जातो. पेटीत पाणी भरावे, फिल्टर चालू करावा आणि मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना खुराक मिळतो. ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणावा. विरजणासारखे काम करतो तो! अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच बाजारात मिळतात. दोन्ही शून्यावर आले की मासे आणावेत, तेही एकदम अठरा नव्हेत, चार-पाच.

पेटी किती मोठी घ्यावी? लहान पेटी सोपी, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लीटर पाणी मावते. घरगुती हौसेला ती पुरेशी आहे. खडे आणि काच धरून तिचे वजन ७० किलोच्या आसपास जाते, तेव्हा टीव्हीच्या नाजूक टेबलावर ती ठेवू नका. खिडकीच्या थेट उन्हातही नको, शेवाळ माजते.

पाणी नळाचे असेल तर त्यातला क्लोरीन जावा म्हणून बादलीत एक दिवस उघडे ठेवावे किंवा क्लोरीन मारण्याचे औषध थेंबभर टाकावे. बोअरचे जड पाणी आपण नाके मुरडून वापरतो, पण गप्पी आणि मॉली या माशांना तेच मानवते. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रातून आलेले, क्षार काढून घेतलेले पाणी मात्र त्यांच्यासाठी निकृष्ट. माझ्या एका मैत्रिणीने मोठ्या प्रेमाने तेच भरले होते.

फिल्टर स्पंजचाच घ्या. हवेच्या पंपावर चालतो, स्वस्त असतो आणि मुख्य म्हणजे नवजात पिल्ले आत ओढून घेत नाही. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात शिरते. पेटीत हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. वर झाकण हवेच, कारण हे मासे उड्या मारतात.

पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. मुंबईत किंवा चेन्नईत हीटर लागत नाही. आम्ही नागपूरचे. डिसेंबरच्या रात्री हीटरशिवाय चालत नाही आणि मे महिन्यात पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा पंप चोवीस तास चालू ठेवावा लागतो.

आता मुख्य विषय. पहिल्यांदा पिल्ले वाढवणाऱ्याने गप्पीच घ्यावा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. तिथून १८६६ साली नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. तो अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्ले देतो. नर लहान आणि रंगीत, झुपकेदार शेपटीचा. मादी मोठी, फिकट, आणि तिच्या पोटाच्या मागच्या भागावर काळसर डाग. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. माद्या कमी असल्या तर नर त्यांचा पाठलाग करून जीव नकोसा करतात.

दिवस भरायला साधारण चार आठवडे लागतात. एका समागमानंतर मादी नराचे बीज साठवून ठेवते आणि पुढे अनेक महिने नर नसतानाही वेत देऊ शकते. त्यामुळे दुकानातून एकटी मादी आणली आणि महिन्याने पिल्ले दिसली, तर चमत्कार समजू नका.

आमच्या दुसऱ्या पेटीत पहिले बाळंतपण ओळखले ते सासूबाईंनी. मादीचे पोट चौकोनी झाले होते, खाद्याकडे न येता ती हीटरमागच्या कोपऱ्यात थांबली होती. मी जाळी घेऊन तिला वेगळ्या डब्यात हलवायला निघाले, तशा त्या म्हणाल्या, ''अगं, दिवस भरलेल्या बाईला कुठं हलवतेस? राहू दे तिला तिच्या घरात.'' त्यांचे खरे होते. अशा वेळी पकडापकड केली तर मादी घाबरते, अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते. हलवायचेच असेल तर आठवडाभर आधी.

पिल्ले जन्मली रात्री अकराच्या सुमारास. गुंडाळलेली, डोळेच डोळे असलेली एकेक ठिपकी खाली पडायची, क्षणभर थांबायची आणि सरळ होऊन पळायची. धाकटी श्वास रोखून मोजत होती. चौदापर्यंत आली आणि किंचाळली. मागून आलेल्या दुसऱ्या मादीने पंधरावे गिळले होते. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच गिळले.

हे गप्पीत नेहमीचेच आहे. आईसुद्धा खाते. यावर उपाय म्हणून जाळीचे छोटे पिंजरे मिळतात, पण त्यात मादी गुदमरल्यासारखी होते. मला विचाराल तर वनस्पती उत्तम. जावा मॉसचा दाट गुंता आणि हायड्रिलाच्या वरपर्यंत आलेल्या काड्या असल्या की पिल्ले त्यात लपतात. त्या रात्री राजवाडा काढून फेकला आणि दुसऱ्या दिवशी दोन जुड्या हायड्रिला आणला. सकाळी मोजली तेव्हा नऊ उरली होती. पुढच्या वेताला छत्तीस पिल्ले वाचली.

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला लागते. मोठ्यांचे खाद्य बोटांत चुरून पीठ करावे. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून थेंबभर पिळला तरी चालतो, मात्र जरा जास्त झाला की पाणी नासते. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली तर दीड दिवसात फुटतात आणि त्यांचे जिवंत जीव खाऊन पिल्ले झपाट्याने वाढतात. गटारातले लाल किडे आणू नका, रोग येतो. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळून काढा, नळाखाली कधीही नाही.

महिनाभरात नरांचे रंग दिसू लागतात. तेव्हाच नर-मादी वेगळे करावेत, नाहीतर भावाबहिणींचीच संतती वाढत जाते आणि काही पिढ्यांनी वाकड्या पाठीची पिल्ले निघू लागतात. दोन-तीन पिढ्यांनी दुसऱ्याच्या घरचा नर आणावा.

फायटरचेही अनेकांना आकर्षण असते. त्याचा नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि अंडी स्वतः सांभाळतो. अंडी घालून झाली की मादीला लगेच बाहेर काढावे लागते आणि पिल्ले पोहू लागली की नरालाही. त्यांची पिल्ले इतकी बारीक, की पहिल्या आठवड्यात डोळ्यांना न दिसणारे जीव खाऊ घालावे लागतात. गप्पीवर हात बसल्यावरच तिकडे वळा.

आणि पिल्ले फार झाली तर? आमच्याकडे वर्षात शंभरावर गेली. शेजाऱ्यांनी सुचवले, ''फुटाळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल.'' कृपा करून असे करू नका. डास मारायला म्हणून पूर्वी गप्पी सर्रास सोडले गेले, पण मोकळ्या पाण्यात ते फोफावतात आणि तिथल्या मूळच्या छोट्या माशांची अंडी-पिल्ले फस्त करतात. मी नर आणि माद्या अशा दोन पेट्या केल्या आणि धाकटीने शाळेत वहीच्या पानावर यादी लावली. पिल्ले हवी असतील त्याने आधी महिनाभर पेटी चालू ठेवावी, मग मागायला यावे, अशी तिची अट होती. पहिल्या दिवशी अकरा नावे आली. महिन्याने आमच्या दारात बरण्या घेऊन तिघे उभे होते.