सुरतेचे कापड, नाव मात्र दुसऱ्याचे

मराठी माणसाला सुरत आठवते ती १६६४ च्या लुटीमुळे. त्या लुटीला मोल आले ते सुरतेच्या बंदरावरील व्यापारामुळे, आणि त्या व्यापारात कापडाचा वाटा मोठा होता. आज बंदर गेले, कापड राहिले. रिंग रोडवरील बाजारातून कृत्रिम धाग्याच्या साड्या देशभर जातात, गोव्यातील दुकानांतही येतात. यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील कामगार राबतात. उधना, लिंबायतसारख्या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती दाट आहे. इतके असूनही सुरतेचा म्हणून ओळखला जाणारा वेशकार चटकन आठवत नाही.

कौशल्याचा अभाव हे याचे कारण नव्हे. ‘गार्डन वरेली’ने ऐंशीच्या दशकात सुरतेच्या साडीला घरोघरी नाव मिळवून दिले, त्याच उद्योगातील शाह दांपत्याने उभारलेला ‘तापी’ हा वस्त्रसंग्रह अभ्यासकांत मान्यता पावला आहे. अडचण बाजाराच्या रीतीत आहे. येथे माल ‘कॅटलॉग’ने विकला जातो. सहा-आठ नमुन्यांचा संच घाऊक व्यापाऱ्याने एकत्र उचलायचा; त्यावर नाव व्यापाऱ्याचे असते, नक्षी काढणारा अनामिक राहतो. एखाद्या अभिनेत्रीने नेसलेल्या साडीची स्वस्त प्रत थोड्याच दिवसांत गठ्ठ्यांत बांधली जाते. पाटणचा दुहेरी इकतचा पटोला विणायला महिनोन्‌महिने लागतात. त्याची छपाई येथे तासाभराचे काम.

स्वतःच्या नावाने थोडेसेच कपडे करू पाहणाऱ्या तरुणांना हे शहर एका अर्थाने स्वर्गच वाटावे. पूर्वी गिरण्या मोठ्या मागणीखेरीज दारात उभे करीत नसत. डिजिटल छपाईमुळे आता मोजके मीटरही छापून मिळतात. भरतकामाची यंत्रे, जर, रंगारी सारे हाताशी आहे. नक्कल करणाराही तितकाच हाताशी आहे, आणि कायदा त्याच्या फारसा आड येत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य पण न नोंदवलेल्या नमुन्याच्या यंत्राने पन्नासाहून अधिक प्रती निघाल्या की कॉपीराइट संपतो. रितू कुमार यांच्या कंपनीने ‘बिबा’विरुद्ध केलेला दावा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमावर अडला. नोंदणी करावी तर २००० चा डिझाइन कायदा दहा अधिक पाच वर्षांचे संरक्षण देतो, मात्र नमुना आधी कोठेही प्रसिद्ध झालेला नसावा. लहान वेशकाराचे दुकानच इन्स्टाग्रामवर असते. छायाचित्र टाकले की ग्राहक मिळतो आणि नोंदणीचा हक्क जातो! नोंदणी असूनही, नुकसान सिद्ध करण्याची दीर्घ लढाई टाळून ठरावीक रक्कम मागितली, तर एका नमुन्यामागे मिळणारी भरपाई पन्नास हजार रुपयांच्या वर जात नाही. नकलेच्या एका खेपेतही याहून अधिक सुटत असावेत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाध येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय डिझाइन करारात नमुना प्रसिद्ध केल्यानंतरही नोंदणीसाठी बारा महिन्यांची सवलत आहे. त्याच्या अंतिम दस्तऐवजावर भारताने स्वाक्षरी केली. सवलत प्रत्यक्षात येण्यासाठी मात्र कायदा बदलावा लागेल. घाऊक व्यापाऱ्यांना अशा बदलाची घाई असण्याचे कारण नाही. त्यांचा आवाज मोठा, वेशकारांची संघटित ताकद नगण्य.

गोव्याला हा प्रश्न परका नाही. वेंडल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास कुणबी साडी पुन्हा हातमागावर आणली, तिची लाल चौकडी दिल्लीच्या मंचावर नेली. ती चौकडी परंपरागत असल्याने ‘नवा नमुना’ म्हणून नोंदवता येत नाही. भौगोलिक मानांकन मिळाले तरी त्याचा भर नावावर असतो. ‘कुणबी’ हा शब्द न वापरता तीच चौकडी कृत्रिम धाग्यावर छापून विकणाऱ्याला अडवणे कठीण. पर्यटकाला किनाऱ्यावरच्या दुकानात किंमत दिसते, माग दिसत नाही. हातमाग आणि यंत्रमाग यांतील फरक गिऱ्हाइकाला सांगणारी हातमाग चिन्हाची पट्टी तरी प्रत्येक अस्सल साडीवर लागावी, ही किमान गोष्ट राज्य शासनाला दिल्लीची वाट न पाहता करता येईल.