‘प्रॉब्लेम’ म्हणजे नेमकं काय?



आमच्या सल्ला केंद्राच्या नोंदवहीत ‘समस्येचा प्रकार’ असा एक रकाना आहे. परवा जुन्या नोंदी चाळताना माझ्याच अक्षरातली एक ओळ समोर आली. वय ३१, ऊसतोड मजूर, समस्या : कौटुंबिक. ती बाई मला चांगली आठवते. ‘ताई, मला प्रॉब्लेम हाय, त्याच्यावरनं घरात भांडणं होत्यात,’ असं ती म्हणाली होती. मी ‘भांडणं’ तेवढं ऐकलं. नवऱ्याला बोलावलं, दोघांना समोरासमोर बसवलं, एमएसडब्ल्यूला शिकवलं होतं त्या क्रमाने सगळं केलं. प्रॉब्लेम कसला, हे मात्र विचारलं नाही. पुढच्या हंगामाआधी भेटली तेव्हा ती पिशवी काढून आलेली होती. तिच्या अंगावरून पांढरं जायचं. भांडणं व्हायची ती औषधाच्या खर्चावरून आणि कामावर पडणाऱ्या खाड्यांवरून.

हा इंग्रजी शब्द आपण किती सहज वापरतो पाहा. ‘नो प्रॉब्लेम’ रिक्षावालाही म्हणतो. ‘त्याचा जरा प्रॉब्लेम आहे’ म्हणजे तो पितो. ‘नवराबायकोचा प्रॉब्लेम’ म्हणजे बहुतेक वेळा तो मारतो. लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की ‘हिचाच काहीतरी प्रॉब्लेम असेल’. आणि ‘मला प्रॉब्लेम आलाय’ म्हणजे पाळी आली आहे. हा शेवटचा अर्थ कुठल्याही इंग्रजी शब्दकोशात नाही, तो आपण बायकांनी घडवला आहे.

त्याआधी आपल्याकडे शब्द नव्हते असं नाही. कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, शिवायचं नाही, अडचण आहे. यातले बहुतेक शब्द बाईला दूर बसवणारे आहेत. गंमत अशी, की पहिल्या पाळीचे शब्द मात्र कौतुकाचे होते : न्हाण आलं, पदर आला, शहाणी झाली. तेव्हा साडी-चोळी, गोडधोड, आणि पुढच्या महिन्यापासून कोपरा. शिकलेल्या घरांतून कोपरा गेला, कावळाही उडाला, आणि त्यांच्या जागी ‘प्रॉब्लेम’ येऊन बसला. ‘अडचण’चंच हे इंग्रजी भाषांतर. तेवढं केल्याने आपण सुधारलो असं आपल्याला वाटलं. गणपतीत प्रॉब्लेम नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आजही घेतल्या जातात, त्याही बऱ्याचदा डॉक्टरांना न विचारता.

शब्दाला सरसकट नावं ठेवायचा माझा विचार नाही. सासऱ्यांसमोर, पुरुष साहेबांसमोर, बसस्टँडवरच्या औषधाच्या दुकानात हा शब्द बाईला आडोसा देतो. सत्यनारायणाच्या बोलावण्याला नुसतं ‘प्रॉब्लेम आहे’ म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. कित्येकजणी त्याच जोरावर एक दुपार विश्रांती मिळवतात, आणि मिळवू देत. पण पुढे कोणी विचारत नाही, हीच त्यातली मोठी अडचणही आहे.

कारण आडोशाचा फायदा दुसरेही घेतात. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांनी मिळून मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नसते. एकीने सुट्टी घेतली तर कोयत्याचा खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, कोपीत न्हाणीघर नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही. पहाटे अंधारात उठायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या. अशा वेळी दर महिन्याला येणारी पाळी खरोखरच प्रॉब्लेम ठरते, आणि प्रॉब्लेम म्हटलं की तो काढून टाकायचा असतो. ‘दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम? ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य मी इतक्याजणींच्या तोंडून ऐकलं आहे, की ते कुठून येतं हे विचारायची गरज उरत नाही.

२०१९ साली हा विषय गाजला तेव्हा सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहाजणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात शंभरात सुमारे तीन होतं.

पांढरं जाणं नेहमीच आजार नसतो. दुर्गंधी, खाज, दुखणं असेल तर बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. जास्त रक्तस्रावावरही आधी गोळ्या आणि इतर उपाय असतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, हाडं ठिसूळ होतात. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरीजणींना आपली अंडाशयं ठेवली की काढली हेच माहीत नाही. कागदावर लिहिलेलं असतं, पण कागद बाईच्या हातात कुठे असतो?

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्यांनी त्या अमलात आणाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बजावलं. त्यानुसार जिल्ह्याजिल्ह्यांत देखरेख समित्या हव्यात, आणि चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली तर कारण नोंदवलं जायला हवं. आपापल्या जिल्ह्यात ही समिती बसते का, कोण कोण आहे तिच्यावर, याची चौकशी गटांनी लेखी करावी. तोंडी विचारलं तर ‘काही प्रॉब्लेम नाही’ असं उत्तर मिळेल.

पण दुसऱ्याच्या रकान्यातलं कारण तपासायचं तर आपलेही रकाने तपासायला हवेत. आमच्या नोंदवहीतला ‘समस्येचा प्रकार’ आम्ही आता खोडला आहे. त्याजागी ‘बाईच्या शब्दांत’ असं लिहून दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत, आणि खाली साधे प्रश्न आहेत : पाळी कधी आली होती, किती दिवस जातं, पांढरं जातं का, वास येतो का, कुणाला दाखवलं, काय सांगितलं. पहिल्या दिवशी हे प्रश्न वाचताना माझीच जीभ अडखळली. समोरची मावशी म्हणाली, ‘बोल की बाई, मला कुणी कधी इचारलंच न्हाई.’ मग तिने तासभर सांगितलं. दोन ओळी पुरल्या नाहीत, मागच्या पानावर लिहावं लागलं.