पाच मिलीलिटर रक्ताचा हिशेब

रुग्णालयात दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर जडलेला संसर्ग बहुधा रुग्णालयाचाच प्रसाद मानला जातो. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर ही नावे देशातील अतिदक्षता विभागांच्या अंगवळणी पडली आहेत. हे जिवाणू ओळखण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळांत ‘माल्डी-टॉफ’ यंत्रे आली. लेसरच्या माऱ्याने जिवाणूंतील प्रथिनांचे आयन सुटतात आणि निर्वात नळीतून धावतात. हलके आधी पोहोचतात, जड मागाहून. धावण्याच्या वेळेवरून प्रजाती काही मिनिटांत कळते. त्याचे कौतुक रास्तच आहे.

मात्र यंत्रापुढे ठेवण्यासाठी जिवाणू आधी रक्ताच्या नमुन्यातून वाढवावे लागतात, आणि खरी गफलत तिथेच होते. प्रौढांच्या रक्तसंसर्गात जिवाणूंची संख्या अनेकदा मिलीलिटरमागे एकाहूनही कमी असते. समजा, पाच मिलीलिटरमध्ये सरासरी एक आहे. मग पाच मिलीलिटरच्या नमुन्यात एकही न सापडण्याची शक्यता, प्वासाँच्या सूत्रानुसार, सुमारे ३७ टक्के! वीस मिलीलिटर घेतले तर ती दोन टक्क्यांच्या आसपास उतरते. पदवीच्या वर्गातले हे गणित. त्यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. तरीही एकच बाटली, तीही अर्धवट भरलेली आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा देऊन झाल्यावर, हे दृश्य भारतीय रुग्णालयांत दुर्मीळ नाही. अत्यवस्थ रुग्णाचे औषध थांबवू नये हे खरेच. पण रक्त काढायला काही मिनिटेच लागतात. पुढे ‘वाढ आढळली नाही’ असा अहवाल येतो आणि नातेवाईक त्याचा अर्थ ‘संसर्ग नाही’ असा घेतात.

२०१० मध्ये प्रतिजैविकांना निष्प्रभ करणाऱ्या एका विकराच्या नावात ‘नवी दिल्ली’ आल्यावरून देशभर संताप उसळला. बाटलीत किती रक्त भरावे, यावर तेवढा आवाज कधी उठला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रतिजैविक-रोधाचे जाळे २०१३ पासून मोलाची आकडेवारी देत आहे. पण ती वाढलेल्या जिवाणूंची. जे वाढलेच नाहीत, ते कोणत्याच टक्केवारीत नाहीत. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने रोधाच्या आकड्यांसोबत दोन आकडे जाहीर करावेत: किती नमुने प्रतिजैविकापूर्वी घेतले आणि किती बाटल्या पुरेशा भरल्या. दुसरा मिळवणे तर अगदीच सोपे. रक्ताचा एक मिलीलिटर सुमारे १.०६ ग्रॅम भरतो; बाटली भरण्यापूर्वी आणि भरल्यावर तराजूवर ठेवली की झाले.