हडळीची बाजू

गेल्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत आमच्या गटातल्या पोरी मोबाईलभोवती डोकी घालून बसल्या होत्या. मध्येच किंचाळायच्या, मग खिदळायच्या. बघत होत्या भुताचे छोटे छोटे लघुपट. ऑक्टोबरअखेर परदेशात हॅलोविन नावाचा भुताखेतांचा सण असतो, त्यासाठी केलेले. आमच्या एका जुन्या कार्यकर्तीच्या कपाळाला आठी पडली. "वर्षभर आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलायचं आणि आपल्याच पोरींनी हे बघायचं?" तेव्हा मी गप्प बसले. आज बोलते.

मैत्रिणींनो, बघू द्या त्यांना. पडद्यावरची भीती आपण होऊन घेतलेली असते, बटण दाबलं की संपते. अंधारात परसाकडे जायची भीती, शेवटची एस.टी. चुकल्याची भीती अशी बंद करता येते का? मजेखातर भ्यायला मिळणं ही बाईला क्वचित मिळणारी चैन आहे. आपणही लहानपणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरलो. डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखलं. तेवढे दिवस संध्याकाळ आपली होती. या पोरींची संध्याकाळही त्यांची असू द्या.

फक्त बघताना एक विचारायला शिकवू या: भूत कोणाचं आहे? आपल्या लोकसमजुतीतली भुतं आठवा. बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच मेलेली बाई हडळ होते, अळवंतीण होते. विधवा मेली की लावसट होते. म्हणजे जिला वेळेवर सुईण मिळाली नाही, गाडी मिळाली नाही, रक्त मिळालं नाही, ती मेल्यावर गावाला भिववणारी ठरते. ती का मेली, हे कोणी विचारत नाही. भुतांची ही यादी म्हणजे बायकांच्या मरणांची नोंदवहीच आहे, पण उलटी लिहिलेली.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. हॅलोविनची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडची, आणि टोकदार टोपीची चेटकीण ही त्या सणाची ओळख. त्याच स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ चेटकाविरुद्धचा कायदा होता. सुमारे चार हजार जणांवर आरोप झाले, अडीच हजारांवर जीव गेले, त्यात बहुतेक बायका. ८ मार्च २०२२ रोजी तिथल्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी संसदेत माफी मागितली. माफीसाठी महिला दिन निवडला.

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा आहे. अमुक बाई करणी करते असं म्हणून तिचं जगणं मुश्कील करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. तरी 'बाहेरचं झालंय' म्हणून लेकीसुनांना घेऊन फिरणारी कुटुंबं आपण होळीच्या सुमारास सैलानीच्या वाटेवर बघतोच. त्यांतल्या कितीजणींना खरं तर मनाच्या डॉक्टरची गरज असते! आणि कितीजणींचं दुःख एवढंच, की त्यांचं घरात कोणी ऐकत नाही.

याच पोरींनी आणखी एक खूळ काढलंय. चिंध्यांच्या बाहुल्या, हाताने रंगवलेली पत्रं करायची आणि एस.टी. स्टँडच्या बाकावर ठेवून यायची. वर चिठ्ठी: 'ज्याला सापडेल त्याचं.' नाव नाही, पैसे नाहीत. यावर गटात वाद झाला. "बायकांनी आयुष्यभर फुकट राबायचं, आता कलाही फुकट?" प्रश्न खरा आहे. आपल्या गोधडीचा, शिवणाचा पुरता भाव आपण मागितलाच पाहिजे. पण राबवून घेणं वेगळं आणि आपल्या मनाने देणं वेगळं. ज्या हाताला 'नाही' म्हणता येतं, त्याच हाताचं देणं खरं.

आणि संक्रांतीचं वाण आठवा. ते सवाष्णीलाच मिळतं. कपाळ बघून, जात बघून, आमंत्रण देऊन. जिला मेल्यावर लावसट म्हणायचं, तिला जिवंतपणी वाणही नाही. बाकावरची बाहुली कोणाचं कुंकू बघत नाही. म्हणून मला ती आवडली. तिच्यावर घोषणा लिहा असं मी पोरींना सांगितलं नाही. प्रत्येक वस्तूने प्रचारच केला पाहिजे असं नाही, हे आपणही शिकायला हवं.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारलं होतं, की जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? त्यांच्याच गावच्या पोरी आता मोबाईलवर स्वतःचा लघुपट करायचं म्हणताहेत. मी एवढंच सुचवलंय, की त्यात हडळीला बोलू द्या. त्या रात्री तिला दवाखान्यात का नेलं नाही, ते तिच्या तोंडून ऐकू द्या. तो लघुपट आपण येत्या कोजागिरीला सगळ्याजणी मिळून बघू. आठी घालणाऱ्या ताईंना पहिल्या रांगेत बसवू.