बाजारकर घेता, मग ओटेही द्या

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या उंद्री परिसरात शेतकऱ्याच्या घरात दोन वाटांनी पैसा येतो. सोयाबीन-कपाशीचा हंगामाला, भाजीचा दर आठवड्याला. पहिला कृषी केंद्राची उधारी आणि पीककर्ज फेडण्यातच जातो. तेल-मीठ, पोरांच्या वह्या, दवाखाना हे सगळं दुसऱ्यावर भागतं.

चर्चा मात्र पहिल्याचीच होते. व्हायलाही हवी. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. बाजार समितीत अनेकांना त्याहून बऱ्याच कमी भावात माल द्यावा लागला. तिथं बोली व्यापारी लावतो, आपण ढिगाजवळ उभं राहून ऐकायचं. आठवडी बाजारात भाव आपण सांगतो. माझी बायको पोत्यावर मेथी मांडते. सकाळी वीसला दोन जुड्या, ऊन चढलं की वीसला तीन, दिवस कलला की गिऱ्हाईक म्हणेल तशा. ओळखीच्या बाईला वरून चार काड्या कोथिंबीर. कुठं ताणायचं अन् कुठं सोडायचं, हे ती ठरवते.

२०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याच सुमारास पुण्या-मुंबईत पणन मंडळाच्या पुढाकारानं शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. चांगलंच झालं. पण पिढ्यानपिढ्या भरणाऱ्या खेड्यातल्या बाजारांकडं तेवढं लक्ष कुणी दिलं?

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं बाजारावर फी घेता येते. पुष्कळ गावांत वसुलीचा हर्रास होतो आणि ठेकेदाराचा माणूस पावती फाडत फिरतो. पावतीला आमची ना नाही. पण त्या पैशातून सावली, पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृह का होत नाही? जिथं ओटे आहेत, तिथं ते बहुधा मोठ्या मंडईतून माल आणणारे अडवतात. स्वतः पिकवलेली वांगी घेऊन आलेली बाई रस्त्याच्या कडेला, मोटारसायकलींच्या धुरात बसते. एक पाऊस आला की माल चिखलात.

म्हणून मागणी साधी आहे. निम्मे ओटे सातबारा दाखवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवा आणि हर्रासाचा पैसा आधी बाजारावर खर्च करा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. पुढच्या सभेत उभे राहा, हर्रासाचे किती आले, बाजारावर किती लागले ते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा.